आजीच्या गाडीचा खांदा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटल्यासारखं करून फटीतून बघू नका, ते लगेच कळतं.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणा. बुटकी, दोन दारांची, फिकट निळी, आणि समोरून पाहिलं तर नुकतीच झोपेतून उठवल्यासारखी. तिच्या अंगावर बोटाने टिचकी मारा. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर मारली तर 'टण्' वाजेल. हिच्यावर मारली की 'टप्' वाजतं, बादलीवर मारल्यासारखं. कारण हिची कातडी पत्र्याची नाहीच, फायबरची आहे. म्हणजे काचेचे केसांहून बारीक धागे घ्यायचे, ते रेझिन नावाच्या मधासारख्या चिकट रसात बुडवायचे आणि वाळू द्यायचे. वाळलं की दगडासारखं घट्ट आणि पत्र्याहून हलकं. कातडीच्या आत मात्र पोलादी सांगाडा. आणि ही कातडी त्या सांगाड्याला धरून कशी राहते? खिळ्यांनी? नाही. स्क्रूंनी? नाही. नुसत्या गोंदाने! अर्थात तुम्ही वहीला लावता तसल्या गोंदाने नव्हे.

उघडा डोळे. आता गोष्ट.

ही गाडी आजीची होती. आजोबांची नव्हे, आजीची. आजोबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि एका ग्रॅमचीही गय केली नाही. पण गाडी चालवायच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले. पहिल्यांदा गाडी सुरूच झाली नाही. दुसऱ्यांदा त्यांनी परीक्षा अर्ध्यात थांबवून, मैदानावर आखलेला पट्टा चार इंच कमी भरतो हे परीक्षकाला टेप लावून दाखवलं. तिसऱ्या वेळेबद्दल घरात कोणी बोलत नसे.

त्यामुळे अडतीस वर्षं चाकामागे आजी आणि शेजारच्या सीटवर आजोबा, अशी वाटणी होती. मुलगी व्हायची वेळ आली तेव्हाही आजी स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली. आजोबा शेजारी बसून घामाघूम होत होते, आणि आजी त्यांना "घाबरू नका हं, पोचलोच" असं सांगत होती.

त्याच मुलीची मुलगी म्हणजे भिंगरी. वय नऊ. एका जागी सलग दोन मिनिटं बसलेली कोणी पाहिलेली नाही, म्हणून भिंगरी. सुटीत ती आजी-आजोबांकडे आली होती.

त्या वर्षी आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवड्यांनी खुशाल गाडी चालवा. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. कोणी विचारलं की आजी म्हणायची, "बघू." ती खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून बसायची आणि काठी जवळ असूनही फाटकापर्यंतसुद्धा जायची नाही.

अशात वाहन कार्यालयाचं पत्र आलं. गाडी जुनी आहे, एकवीस दिवसांत तपासणीत उतरली नाही तर नोंदणी रद्द होऊन ती भंगारात जमा करावी लागेल. आणि गाडीच्या उजव्या खांद्याला, म्हणजे चालकाच्या दारामागे जो गोल भाग असतो ना, तिथे, एक वीतभर तडा होता. तड्याभोवती थोडी सूजही होती.

आजीने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "जाऊ दे. तिचंही वय झालं, माझंही."

आजोबांना वाक्याचा पहिला भाग चालला असता. दुसरा मुळीच नाही. गाडी गेली, तर ही खिडकीपाशी बसली ती बसलीच, हे त्यांना स्वच्छ दिसलं. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "त्यात काय! तासाभराचं काम."

मोठी माणसं असं म्हणाली की घड्याळाकडे बघू नये, दिनदर्शिकेकडे बघावं.

दुकानातून रेझिनचा डबा, काचधाग्यांची पांढरी मॅट आणि हार्डनरची एवढीशी बाटली आली. हार्डनर म्हणजे काय, तर त्याचे थेंब पडल्याशिवाय रेझिन वाळत नाही. शंभर भाग रेझिनला दोन भाग हार्डनर. आता मापाचा प्रश्न आला म्हटल्यावर आजोबांना कोण शिकवणार? त्यांनी खास तराजू काढला, फुंकर मारून स्वच्छ केला आणि एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही असं मिश्रण केलं. माप अगदी अचूक होतं. चूक एवढीच होती, की पुन्हा पुन्हा कशाला मोजा म्हणून त्यांनी अख्खा डबा एकदम घेतला, आणि तोही स्वयंपाकघरातल्या खोल पातेल्यात.

रेझिन वाळताना गरम होतं. थोडं आणि पसरट असेल तर ती उष्णता निघून जाते. खोल पातेल्यात ती जाणार कुठे? आजोबा तड्यावर मॅटचा तुकडा लावून बघत होते, तोवर मागून भिंगरी म्हणाली, "आजोबा, पातेलं धूर सोडतंय."

"सोडू दे, कामाचा धूर आहे."

"आणि चमचा उभा राहिलाय."

चमचा खरंच उभा होता, आणि पुढे कायम तसाच राहिला. पातेलं अंगणात नेऊन पाणी ओतलं तेव्हा ते फुसफुसलं. आजी खिडकीतून सगळं बघत होती. "अहो, चमचा काढून देताय," तिने विचारलं, "की पातेल्यासकट जेवायला घेऊ?"

दुसऱ्या दिवशी वाटीभरच रेझिन. तड्यावर मॅट, त्यावर रेझिन, वाळल्यावर घासणं. आजोबा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात घासायला बसले. फायबर घासलं की काचेची धूळ उडते आणि ती कातडीत शिरते. भिंगरीला मात्र त्यांनी आधीच ताकीद देऊन दहा पावलं लांब, तोंडाला फडकं बांधून बसवलं होतं. नातीच्या बाबतीत ते हुशार होते. संध्याकाळी त्यांच्या अंगाला अशी खाज सुटली, की ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहिले. खाज घालवायला त्यांनी कढत पाण्याने अंघोळ केली. काचेच्या धुळीला गार पाणी लागतं, मुलांनो. कढत पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात आणि धूळ "या बसा" म्हटल्यासारखी आत जाऊन बसते.

शेजाऱ्यांना बातमी लागायला खाजेइतकाच वेळ लागला. वसाहतीचे सेक्रेटरी आले. "तुमची धूळ माझ्या कुंड्यांवर बसलीय," म्हणाले, "लेखी देऊ की तोंडी चालेल?" मग तोंडी आणि लेखी दोन्ही दिलं. वर, तड्यात मेणबत्तीचं मेण भरा, असा सल्लाही दिला. पलीकडच्या बंगल्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कुंपणापाशी आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय गेली नव्हती.

"शेजारी, वरून भरताय ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आतून कीड काढली का?"

"ही गाडी आहे, डॉक्टरीणबाई. दाढ नव्हे."

"सूज आहे ना? मग आत काहीतरी आहे. मी चाळीस वर्षं हेच बघितलं. वरून चकाचक भरलेली दाढच रात्री ओरडते."

आजोबा गोड हसले. असं हसू म्हणजे ऐकून घेतलं, पण आत घेतलं नाही.

चौथ्या दिवशी तडा परत आला. त्यांनी परत भरला. सातव्या दिवशी तो पुन्हा आला, आणि येताना धाकटा भाऊ बरोबर घेऊन आला. नवव्या दिवशी आजोबा गाडीसमोर नुसते उभे होते. एकतीस वर्षं मोठमोठे व्यापारी ज्यांच्यापुढे चळचळ कापले, त्यांना एक वीतभर भेग जुमानत नव्हती.

मधल्या काळात फॉर्मही भरायचा होता. वाहन कार्यालयातल्या फॉर्मवर 'बॉडीचा प्रकार' या रकान्यात दोनच चौकोन होते: धातू आणि लाकूड.

"यात फायबर नाही," आजोबा म्हणाले.

"मग धातूवर खूण करा," कारकून मान वर न करता म्हणाला.

"पण ती धातूची नाही."

"मग लाकडावर करा."

"लाकडाचीही नाही हो! काचेच्या धाग्यांची आहे."

कारकुनाने आता मान वर केली. "काचेची? काचेच्या तक्रारी खिडकी क्रमांक सहा."

आजोबा खोट्या चौकोनात खूण करणारे नव्हते. त्यांनी पट्टीने तिसरा चौकोन आखला, पुढे 'फायबर' लिहिलं आणि त्यात खूण केली. कारकुनाने बराच वेळ त्या चौकोनाकडे बघितलं. मग जुनी वही काढली. त्यात अडतीस वर्षांपूर्वी कोणीतरी 'धातू' लिहून ठेवलं होतं. "म्हणजे गाडी बदलली तुम्ही," तो म्हणाला, आणि लाल शाईत शेरा मारला: 'गाडी तीच आहे याची घरी जाऊन खात्री करावी.'

घरी येऊन आजोबा पायरीवर बसले. भिंगरी शेजारी बसली. तिने डोकं नुसतं त्यांच्या दंडाला टेकवलं. मग म्हणाली, "आजोबा, डॉक्टरीणबाईंचं खरं असलं तर?"

खरं असेल तर खांदा उघडावा लागणार होता. आणि ते गावातल्या एकाही गाडीदुरुस्तीवाल्याला येत नव्हतं. पत्रा असता तर ठोकला असता, म्हणाले सगळे. शेवटी भिंगरीनेच बागेतल्या घसरगुंडीला टिचकी मारली. टप्! घसरगुंडीखाली एक फोन नंबर रंगवलेला होता. तो निघाला फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि घसरगुंड्या बनवणाऱ्या माणसाचा. उंच, ताडासारखा, कमी बोलणारा. त्याला सगळे टाकीवालाच म्हणायचे.

टाकीवाल्याने खांद्यावर हात फिरवला, कान लावला, टिचकी मारत गेला. टप्, टप्, टप्, ढप्. "इथे सुटलंय," म्हणाला. मग एक बारीक, करवतीसारखी तार कातडी आणि सांगाड्याच्या मधल्या गोंदात घातली आणि दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढत, लोणी कापावं तसा गोंद कापत नेला. तासाभराने खांदा अलगद सुटून त्याच्या हातात आला.

आत पोलादाची बरगडी गंजून, पापुद्रे सुटून, दुप्पट जाड झाली होती. ती सुजून कातडीला आतून ढकलत होती. कातडी बिचारी तडकणार नाही तर काय करणार? कुंपणापलीकडून डॉक्टरीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "कीड." आणि आत निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस सुखाचे होते. टाकीवाल्याने गंज खरवडून काढला, झिजलेल्या जागी नवा तुकडा जोडून घेतला. सुटून आलेल्या खांद्याचा तडा आतून घासून, एकावर एक मॅटचे थर देऊन भरला. बरगडीला गंजरोधक रंग कुठे लागला नाही ते आरसा धरून शोधायचं काम भिंगरीचं. ती त्या दोन दिवसांत इतका वेळ एका जागी बसली, की आजीने तिला ताप आहे का बघितलं.

चौदाव्या दिवशी दुपारी खांदा परत चिकटवला. अंगणापलीकडच्या गॅरेजमध्ये गाडीचं दार आधी नीट बंद करून घेतलं, म्हणजे दाराची आणि खांद्याची रेघ जुळते. फटीत चिकटपट्टी लावली. मग भोवती दहा शिकंजे, म्हणजे फिरवून आवळायचे लोखंडी चिमटे. "हलकेच आवळलेत," टाकीवाला म्हणाला. "गोंदाला मधे जागा लागते, काका. हात लावू नका. मी चहा पिऊन येतो."

आजोबांना एक गोष्ट कधीच पटली नव्हती: 'हलकेच'. हलकेच हे माप नव्हे. नीट चिकटायचं तर नीट दाबायला नको? त्यांनी दहाही शिकंज्यांना एकेक फेरा दिला, सारखा, मोजून. मग आतून कसं बसलंय ते बघावं म्हणून दार उघडून आत बसले, आणि रेघ बिघडू नये म्हणून दार पुन्हा ओढून घेतलं. आतून बोट फिरवत, "वा!" म्हणत ते पंचवीस मिनिटं बसले.

दाबलेला गोंद जाणार कुठे? तो चिकटपट्टी ओलांडून फटीत उतरला आणि तिथे निवांत वाळला.

आजोबांनी दार ढकललं. दार ढिम्म. खांदा लावून ढकललं. ढिम्म. दुसरं दार भिंतीला टेकलेलं, कारण कामाला जागा हवी म्हणून गाडी भिंतीला खेटून लावली होती. खिडकीची काच गेली सात वर्षं चार बोटांच्या खाली उतरत नव्हती. त्या चार बोटांतून आवाज आला, "भिंगरे! कोणाला न सांगता टाकीवाल्याला बोलाव."

भिंगरी धावली. वाटेत तिने फक्त आजीला, सेक्रेटरींना आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

टाकीवाल्याने फट बघितली आणि आजोबांकडे बघितलं. "आता तार घातली तर रंग जाईल," तो म्हणाला. "गाडी मागे ढकलून बाहेर घेऊ, मग काका त्या दाराने उतरतील. काका, हँडब्रेक सोडा आणि गिअर काढा."

आजोबांनी आधी खाली बघितलं, मग उजवीकडे, मग डावीकडे.

"काका?"

"कुठला तो?" चार बोटांतून बारीक आवाज आला.

सेक्रेटरी हसायला लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे दाढ उपटायच्या नजरेने पाहिलं. आणि तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. ठक्, ठक्. आजी पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून, गॅरेजपर्यंत आली होती. बारा आठवड्यांत पहिल्यांदा. ती खिडकीशी वाकली.

"अहो. घाबरू नका हं. डावा पाय खाली दाबा. क्लच."

"हा का?"

"तो ब्रेक. त्याच्या डावीकडचा. अहो, अडतीस वर्षं शेजारी बसलात, बघत काय होतात?"

आजोबांनी चार बोटांच्या फटीतून वर पाहिलं. "तुला," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी उगाच कुंड्यांकडे बघितलं.

"आता पायाकडे बघा," आजी म्हणाली. आवाज जरा वेगळा होता. "दाबलात? हं. आता दांडा मधे आणा. हलवून बघा, मोकळा हलतो? आता तो उभा ब्रेक, टोकाचं बटण दाबून खाली. आणि चाक सरळ धरा. सरळ म्हणजे सरळ, मोजत बसू नका."

टाकीवाला, सेक्रेटरी, डॉक्टरीणबाई आणि भिंगरी, चौघांनी पुढून रेटा दिला. गाडी मागे सरकत उजेडात आली. चाकामागे आजोबा, पाठ ताठ, कपाळावर घाम, आणि आजी काठी टेकत बाजूने चालतेय: "छान. छान. आता ब्रेक. ब्रेक हो!" गाडी सेक्रेटरींच्या कुंडीपासून एका वितीवर थांबली. आजोबा भिंतीकडच्या दाराने उतरले आणि म्हणाले, "जमलं की!" मग आजीला हात द्यायला गेले, तर ती म्हणाली, "राहू द्या," आणि आपली आपण परत गेली. खिडकीपाशी जाऊन बसली. कधी चालवणार म्हणून भिंगरीने विचारलं तर म्हणाली, "बघू."

टाकीवाल्याने दुसऱ्या दिवशी दार सोडवलं आणि खांदाही परत काढला. दाबून दाबून सांध्यात गोंद राहिलाच नव्हता. या वेळी त्याने बरगडीवर जाड तंगुसाचे, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याचे, बारीक तुकडे ठेवले, म्हणजे कोणी कितीही आवळलं तरी तेवढी जागा गोंदासाठी राहणारच. "हे माप आहे, काका," तो म्हणाला, "दीड मिलिमीटर." आजोबांना हे आधी सांगितलं असतं तर! त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि चार तास तसेच ठेवले.

एकविसाव्या दिवशी सकाळी तपासनीस घरी आला. तरुण, कडक इस्त्रीचा, हातात जुन्या वहीचा उतारा आणि एक लोहचुंबक. त्याने चुंबक दाराला लावला, पडला. टपाला लावला, पडला. "वहीत धातू आहे," तो म्हणाला. "ही ती गाडी नाही."

आजोबा हयातभर दुसऱ्यांना तपासत आले होते. आज तपासणी त्यांचीच होती. "अहो, आत... म्हणजे सांगाडा..." शब्द जुळेनात.

"काका, मला द्या," भिंगरी तपासनीसाला म्हणाली. तिने चुंबक घेतला, दार उघडलं आणि दाराच्या चौकटीच्या आत, कडेने, तो बरगडीवर ठेवला. खट्. थोडा खाली ठेवला. खट्. "इथे नवा तुकडा जोडलाय. इथून इथपर्यंत पोलाद आहे. बाहेर फायबर. दोन्ही खरंय. आरसा आणू?"

तपासनीस गुडघ्यावर बसला, स्वतः आरशातून बघितलं, खांद्यावरून हात फिरवला, तडा शोधला, सापडला नाही. उठून त्याने 'बाहेर फायबर, आत धातू' असं लिहिलं. "जोडकाम कोणी केलं? झकास आहे." टाकीवाला जमिनीकडे बघत राहिला. "आता फक्त ब्रेक बघतो," तपासनीस म्हणाला. "गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणा. चालवतं कोण?"

सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं. आजी पायरीवर काठी घेऊन उभी होती.

"टाकीवाल्याला सांगा," ती म्हणाली. "त्याला येतं."

गाडी वाचली होती, पण जिच्यासाठी वाचवली ती तिथेच पायरीवर उभी होती. टाकीवाला आत बसला. त्याचे गुडघे चाकाला लागले, तेव्हा त्याने खालची कळ ओढून, अडतीस वर्षं आजीच्या मापावर असलेली सीट खाड्कन मागे ढकलली, पार शेवटपर्यंत. तो आवाज झाला तशी आजीची काठीवरची मूठ आवळली. ते भिंगरीने पाहिलं.

ती गाडीपाशी गेली. "काका, जरा उतरता?"

टाकीवाला उतरला. भिंगरीने आत शिरून कळ ओढली आणि दोन्ही हातांनी सीट पुढे ढकलायला लागली. कट्. कट्. कट्. कट्. बुटक्या आजीचे पाय क्लचला पोचतील तिथे थांबली. मग खाली उतरली, दार पूर्ण उघडलं, आणि आजीकडे अजिबात न बघता ते धरून उभी राहिली. मागून काठीचा आवाज आला: ठक्, ठक्.